पाऊस नव्हता, संपही नव्हता

तांदळाचं लोडिंग चालू असताना मध्येच हॅच, म्हणजे जहाजाच्या कोठाराचं झाकण, बंद करायची वेळ एकाच कारणाने येते, पावसाच्या. पोत्याला ओल लागली की पुढच्या बंदरात भांडण ठरलेलं. म्हणून ६ मार्च १९९७ च्या सकाळी गयानातल्या जॉर्जटाउनच्या धक्क्यावरून फोरमनने 'बंद करा' अशी खूण केली तेव्हा मी आधी वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं.

मी सेकंड मेट होतो, जहाजावरचा एक अधिकारी. जहाज बेताचंच, कारण डेमेरारा नदीच्या मुखाशी गाळ साचून उथळ झालं होतं, मोठ्या जहाजाचं तिथे काम नव्हतं. आमच्यासारख्यालाही भरून निघायचं तर मोठी भरती लागायची. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे अमावास्या तोंडावर. त्या उधाणाला बाहेर पडायचं असा कॅप्टनचा हिशोब होता, आणि एक पाळी वाया जाणं त्यात बसत नव्हतं.

विंच चालवणारा खाली उतरला. पोत्यांची एक स्लिंग, म्हणजे दोरांची झोळी, अर्ध्यातच थांबली होती, ती त्याने आधी नीट धक्क्यावर टेकवली, मग उतरला. आमचा सारंग, खलाशांचा मुकादम, दाभोळचा, त्याने माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या. मी घड्याळ पाहिलं आणि लॉगच्या वहीत लिहून टाकलं: ०८४०, काम बंद, स्ट्राइक.

ही माझी चूक. काम का थांबलं यावर पैशांचा सगळा खेळ असतो. पाऊस असेल तर तो वेळ लोडिंगच्या ठरलेल्या मुदतीत मोजायचा नाही, संप असेल तर करारात काय लिहिलंय ते बघायचं, जहाजाचा दोष असेल तर भुर्दंड आमच्या मालकाला. एका शब्दावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात, आणि तो शब्द मी कोणालाही न विचारता लिहिला होता.

वहीवर फोरमनची सही लागायची. साठी उलटलेला काळा माणूस, अंगाने वाळका, मिशा पांढऱ्या. त्याने चष्मा लावून ओळ वाचली आणि पेन माझ्या हातात परत ठेवलं.

"हा संप नाही, पोरा. संप काय असतो ते मला माहितेय. छेदी गेला."

राष्ट्राध्यक्ष छेदी जगन. फेब्रुवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि अमेरिकेच्या लष्करी विमानाने वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात हलवलं होतं, एवढं एजंटाकडून कानावर होतं. रात्री तिथेच ते गेले.

वर जाऊन कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, "मग भारतीय वंशाचे थांबतील. बाकीच्यांना लावा कामाला." खरं सांगायचं तर माझाही समज तोच होता. जगन यांचे आईवडील तान्हे असताना उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजूर, आयांबरोबर आले होते. त्या देशात मत वंशावर पडतं असं सगळेच सांगायचे, आणि धक्क्यावरची निम्मी गँग काळी होती. मी खाली येऊन फोरमनला तेच, जरा गुळमुळीत शब्दांत विचारलं.

त्याने उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं, बोटाने ओठ ओढला आणि डावीकडची खालची खिंड दाखवली.

"इथली दाढ छेदीने काढली. मेन स्ट्रीटवर दवाखाना होता त्याचा."

जगन दातांचे डॉक्टर होते हे मला तेव्हा कळलं. बर्बीसमध्ये पोर्ट मोरांटच्या उसाच्या मळ्यावर १९१८ चा जन्म. शिक्षण अमेरिकेत, आधी हॉवर्ड आणि मग शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ. १९४३ मध्ये पदवी आणि जेनेट रोझेनबर्ग नावाची शिकागोची बायको, दोन्ही घेऊन परतले. चार वर्षांनी विधिमंडळात. १९४८ मध्ये एन्मोरच्या मळ्यावर पोलिसांनी पाच ऊसकामगारांना गोळ्या घातल्या, तेव्हा प्रेतयात्रेबरोबर ते पायी जॉर्जटाउनपर्यंत आले. १९५३ च्या निवडणुकीत २४ पैकी १८ जागा. सरकार टिकलं १३३ दिवस. देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता; मग लंडनने राज्यघटनाच गुंडाळली आणि फौज पाठवली.

हे सगळं फोरमनने असं ओळीने सांगितलं नाही, बरंच मी नंतर वाचलं. तो बोलत होता १९६३ बद्दल.

"ऐंशी दिवस," तो म्हणाला. "याच गेटवर बसलो होतो. त्याच्या विरोधात."

जगन तेव्हा प्रीमियर, म्हणजे सरकारचे प्रमुख, होते. अख्खा देश बंद पाडला होता युनियननी. इंधन क्युबाहून आणावं लागलं. मी विचारलं, अंकल, ऐंशी दिवस खाल्लंत काय?

"युनियन पैसे द्यायची. कुठून येतात हे त्या वेळी कोण विचारतो?"

ते अमेरिकेतून, सीआयएच्या वाटेनेही येत होते, हे आता छापून आलेलं आहे. केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी १९९० मध्ये जगनसमोरच तुमच्यावर अन्याय झाला असं कबूल केलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९६४ मध्ये निवडणुकीची पद्धत बदलली. ५३ पैकी २४ जागा मिळवून जगन पहिले आले, पण २२ जागा मिळवलेले प्रतिस्पर्धी नेते बर्नहॅम यांनी सात जागांच्या पक्षाला बरोबर घेऊन सरकार केलं. पुढे निवडणुकांत उघड लबाड्या झाल्या. जगन २८ वर्षं विरोधात बसले आणि १९९२ मध्ये, जिमी कार्टर देखरेखीला आलेले असताना, निवडून आले. तेव्हा वय ७४.

"म्हणजे तुमचं मत बदललं," मी म्हटलं.

"छे! चौसष्टच्या दंगलीत माझ्या बहिणीचं घर जळलं. त्याला मी कधीही मत दिलं नाही, अजूनही देणार नाही." ज्याला मत द्यायचं नाही तो आता उरलाच नाही, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो थोडा थांबला. "पण पैसे खाल्ले नाहीत रे त्याने. इथल्या किती जणांबद्दल असं म्हणता येतं?"

मी 'स्ट्राइक' खोडलं. लॉगमध्ये खोडायचं ते एकच रेघ मारून, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही. पुढे लिहिलं: राष्ट्रप्रमुखांचं निधन, हॅच बंद, हवामान स्वच्छ. फोरमनने ते दोनदा वाचलं आणि सही केली. मग गँग पांगली. स्लिंग जिथे टेकवली होती तिथेच राहिली, सारंगने तिच्यावर ताडपत्री टाकली.

पुढे काम सुरू झालं, उधाणही साधलं. पण दोन महिन्यांनी कंपनीचा फॅक्स आला: वहीत आधी 'स्ट्राइक' लिहून नंतर खोडलेलं दिसतं, त्या वेळेवरून जहाज भाड्याने घेणाऱ्याने वाद काढलाय, सेकंड मेटने लेखी खुलासा द्यावा. कॅप्टनने मला समोर बसवून लिहायला लावलं. पाऊण पान झालं. दाताचं त्यात लिहिलं नाही.