लाईट गेली आणि लाईट नव्हती

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या लाइनवर आमचा कॅमेरा बसवलेला आहे. पट्ट्यावरून पार्ट येतो, सेन्सर खूण देतो, कॅमेरा फोटो काढतो, आणि पार्ट चांगला की रिजेक्ट हे लिनक्सवर चालणारा एक छोटा डबा ठरवतो. मागच्या उन्हाळ्यात हा डबा दिवसातून चार-पाच वेळा उत्तर द्यायला उशीर करायचा आणि लाइन थांबायची. लाइनवरचे मामा मूळचे लातूरकडचे. त्यांचा फोन यायचा, "सर, तुमची मशीन मधीच थांबायलीय बघा." जोर ‘तुमची’वर.

आमच्या लॉगमध्ये काहीच दिसत नव्हतं, म्हणून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ट्रेस, म्हणजे आत काय काय घडलं याची वेळेसकट नोंद, घ्यायचं ठरवलं. त्यासाठीचा एफट्रेस लिनक्समध्येच २००८ पासून, म्हणजे २.६.२७ पासून आहे. तो चालू केला की कोणत्या सीपीयूवर कोण (चालणारा प्रोग्राम, म्हणजे ‘टास्क’) चढलं, कोण उतरलं याची ओळन्‌ओळ मिळते. दहा मिनिटांत लाखांनी ओळी. त्या बघायला कर्नलशार्क, ट्रेस कंपास अशी टूल्स आहेत. ट्रेस कंपासमध्ये एक्सएमएल (खुणांनी लिहिलेली फाइल) लिहून टास्कच्या अवस्थाही मांडता येतात. पण मला एका ओळीत प्रश्न विचारायचा होता, आणि एवढं एक्सएमएल मामांपुढे ठेवायची माझी छाती नव्हती. म्हणून छोटं टूल स्वतः लिहायला घेतलं. दोन आठवड्यांत होईल म्हणालो होतो. अडीच महिने लागले.

फिल्टर, म्हणजे हव्या त्याच ओळी गाळून घेणं, हा भाग सोपा वाटला. सी भाषेसारखी पदावली सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली, तीच घेतली. पहिला फटका कॅमेऱ्याच्या नावावर बसला. प्रोग्रामचं नाव ‘कॅमेरा_इन्स्पेक्शन’. इंग्रजीत ही १७ अक्षरं होतात. कर्नल टास्कच्या नावाला १६ बाइट देतो, त्यातला एक शेवटच्या शून्याला, म्हणजे उरली १५. शेवटची दोन अक्षरं कापलेली, त्यामुळे माझी ‘==’ (दोन्ही बाजू सारख्या आहेत का) ही तुलना कधीच जुळेना आणि मी अर्धा दिवस ट्रेसच चुकीचा घेतलाय असं समजून बसलो. आता नावाच्या तुलनेत १५ पेक्षा जास्त अक्षरं लिहिली की टूल तिथल्या तिथे ओरडतं.

दुसरा फटका जास्त लाजिरवाणा. डिस्कवर अडकलेली टास्क शोधायची होती. टास्क सीपीयूवरून उतरते तेव्हा प्रीव्ह_स्टेट या रकान्यात साधी झोप असेल तर १ असतो, उठवता न येणारी झोप असेल तर २. त्यातला २ चा बिट लागलाय का हे बघायला मी लिहिलं :

प्रीव्ह_स्टेट & २ == २

सीच्या नियमाने ‘==’ आधी सुटतं. २ == २ म्हणजे १, मग उरतं प्रीव्ह_स्टेट & १. म्हणजे नेमकी नको असलेली, साधी झोप घेणारी टास्क यादीत, आणि डिस्कवर अडकलेली सगळी बाहेर! सीमध्ये हा क्रम जुन्या बी भाषेपासून चालत आलाय, तिथे दोन अटी जोडणारं ‘&&’ वेगळं नव्हतंच. त्यांची अडचण मी कशाला वारशाने घ्यायची? माझ्या भाषेत ‘&’ आधी सुटतो. सीवाले मित्र नाराज झाले, होऊ देत.

इथवर फिल्टर चालू झाले आणि मी मामांना स्क्रीन दाखवली. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "ते कळलं. पण पट्टा चालू असताना कॅमेरा किती येळ अडकून पडला?"

याचं उत्तर फिल्टर देऊच शकत नव्हता. ‘लाईट गेली’ आणि ‘लाईट नव्हती’ यात जो फरक, तोच इथे. गेली हा एक क्षण, ट्रेसमधली एक ओळ. नव्हती हा काळ, तो कुठल्याच एका ओळीत नाही, दोन ओळींच्या मध्ये आहे. आणि मामांचे सगळे प्रश्न ‘असताना’वाले.

मग आधी अवस्था मांडायचे नियम लिहिले. पट्ट्याचं सोपं होतं : आमचा सेन्सरचा प्रोग्राम ट्रेस_मार्कर नावाच्या फाइलीत ‘पट्टा चालू’, ‘पट्टा बंद’ लिहितो, ती ओळ ट्रेसमध्येच वेळेसकट उमटते. टास्कचं असं : वेकअप (उठवल्याची नोंद) आला की ‘रांगेत’. स्विचमध्ये (सीपीयूवरची टास्क बदलल्याची नोंद) नेक्स्ट, म्हणजे चढणारी, म्हणून नाव आलं की ‘कामावर’. प्रीव्ह म्हणून उतरली आणि प्रीव्ह_स्टेट शून्य (‘आर’) किंवा ‘आर+’ असेल, तर काम बाकी असतानाच उतरवलंय, परत ‘रांगेत’, नाहीतर ‘झोपेत’.

यात एकच स्विच दोन टास्कची अवस्था बदलतो, आणि मी नियम वरून खाली एकेक चालवत होतो. वरच्या नियमाने बदललेली अवस्था खालचा नियम बघायचा, नियमांची जागा बदलली की उत्तर बदलायचं. शेवटी ठरवलं, एका घटनेचे सगळे नियम जुनीच अवस्था बघतील आणि बदल शेवटी एकदम लागतील. फिल्टरला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन शब्द दिले, घटनेच्या अलीकडची अवस्था हवी की पलीकडची ते विचारणाऱ्याने सांगायचं.

एवढं करूनही एक आकडा वेडावाकडा यायचा. पिड, म्हणजे टास्कचा नंबर, शून्य असलेली टास्क एकाच वेळी ‘कामावर’ही आणि ‘रांगेत’ही. रिकाम्या सीपीयूवर स्वॅपर नावाची टास्क चालते, प्रत्येक सीपीयूचा स्वॅपर वेगळा, पण पिड सगळ्यांचा शून्य. आमच्या डब्यात चार कोअर (सीपीयू), म्हणजे चार जण एकाच नावाने हजेरी लावत होते. शून्य असेल तर पिडला सीपीयूचा नंबरही जोडायचा, हे समजायला मला तीन दिवस लागले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ‘माहीत नाही’वरून. ट्रेस मधूनच सुरू होतो. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. ‘आणखी दोन उघडले’ एवढीच बातमी तुम्ही ऐकली, तर आत्ता किती उघडे आहेत? सांगता येत नाही. माझा सहकारी म्हणाला, सुरुवातीला ‘झोपेत’ धर, बहुतेक टास्क झोपेतच असतात. मी अडून बसलो. एलटीटीएनजी हा दुसरा ट्रेसर सुरुवातीलाच स्टेटडम्प, म्हणजे त्या क्षणीच्या अवस्थांची यादी, देतो, तसं आमच्याकडे काही नव्हतं, मग अंदाज का भरायचा? बफर (नोंदींची तात्पुरती जागा) भरून नोंदी हरवल्या तर त्यानंतरही सगळं ‘माहीत नाही’, पुढची घटना येईपर्यंत. आणि ‘माहीत नाही’ची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘माहीत नाही’च. बेरजेत तो काळ वेगळ्या रकान्यात पडतो.

‘असताना’ हा शब्द पार्सरमध्ये (टूलचा प्रश्न वाचणारा भाग) मी गंमत म्हणून टाकला होता. पण मराठीत अट आधी येते, क्रियापद शेवटी, आणि वाक्य वाचायला सरळ लागलं, म्हणून ठेवला :

पट्टा चालू असताना, कॅमेरा रांगेत, अवधी > ५ मिसे

मिसे म्हणजे मिलिसेकंद. सात ओळी आल्या. सातही वेळा त्याच कोअरवर एकच टास्क ‘कामावर’ : आमच्याच लॉगच्या फाइली दाबून छोट्या करणारा प्रोग्राम, मीच लावलेला. त्याला दुसऱ्या कोअरवर बांधलं, कॅमेऱ्याच्या थ्रेडला रिअल-टाइम प्राधान्य दिलं. मामांना फोन करून सांगितलं की चूक आमचीच होती. "मी म्हणालोच होतो की," एवढंच बोलले.

आठवड्याने परत फोन. शेजारच्या लाइनवरही आमचा डबा आहे. "सर, ह्यो थांबला असताना त्यो बी थांबतोय का, बघता येईल का?" दोन डबे, दोन घड्याळं, त्यांच्यात किती मिलिसेकंदांचा फरक आहे हेही मोजलेलं नाही. ‘माहीत नाही’ म्हणालो.