मोडतोड रजिस्टरमधली एक नोंद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि मी त्याच रात्री लिहायला बसले. स्नेहसंमेलनं, सामने, मुख्याध्यापकांची शिस्त, यांवर बाकीचे लिहितीलच. मला फक्त सरांवर लिहायचं आहे. विज्ञानाचे सर. कोणते, हे आपल्या शाळेत शिकलेल्यांना सांगावं लागणार नाही.

शनिवारचा शेवटचा तास सर प्रयोगशाळेत घ्यायचे. पाठ्यपुस्तक दप्तरात. आमच्या दहावीच्या वर्षी त्या तासाला एकाच माणसाचं आयुष्य चाललं होतं, इंग्लंडचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं. १७९१ साली जन्मलेला लोहाराचा मुलगा. वयाच्या १४ व्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. हाताखालून जाणारी पुस्तकं वाचत वाचत त्यानं सात वर्षं काढली. १८१२ मध्ये नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची चार व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं आकृत्यांसह नीट उतरवली, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींनाच पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून लागला. हे ऐकवल्यावर सरांनी आम्हाला आमच्या प्रयोगवह्या सुईदोऱ्यानं शिवायला लावल्या. माझी वही अजून माझ्याकडे आहे. एकही पान सुटलेलं नाही.

आता तो शनिवार. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबक हलवून तारेत वीज निर्माण करण्याचा प्रयोग होता. तारेचं कुंतल म्हणजे वेटोळं, वीज वाहिली की काटा हलवून दाखवणारा गॅल्व्हनोमीटर आणि पट्टीचुंबक. शाळेकडे जोरकस असा एकच पट्टीचुंबक होता. लाकडी पेटीत, टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून सर तो जपून ठेवत. तो कुंतलात सरकवायला सरांनी मला पुढे बोलावलं. माझ्या हाताला घाम आला होता. चुंबक निसटला, फरशीवर आपटला आणि त्याचा एक कोपरा उडाला.

वर्गात कुणी श्वास घेत नव्हतं. मोडतोड झाली की रजिस्टरमध्ये नाव चढायचं आणि भरपाई घरून आणावी लागायची. माझ्या घरी ती मागणं किती कठीण होतं, ते सरांना ठाऊक होतं. त्यांनी चुंबक उचलला, पुसला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "कर." मी केलं. काटा जेमतेम थरथरला. "आधी कितीवर गेला होता?" मागच्या बाकावरून कुणीतरी आकडा सांगितला. "मग आता कमी का?" आपटल्यानं चुंबकाचा जोर कमी होतो, हे आम्ही तेव्हा शिकलो. "जोर कमी झाला तर आपल्या हातात काय उरलं?" या प्रश्नावर तास संपला.

पुढच्या शनिवारी सरांनी पुठ्ठ्याची नळी आणि बारीक तार आणली. आम्ही आळीपाळीनं वेढे मोजत कुंतल गुंडाळलं. दोनशे झाले, तीनशे झाले, मोजणी चुकली की पुन्हा. मग मी तोच कोपरा उडालेला चुंबक झटक्यानं आत नेला. काटा पूर्वीच्या खुणेपलीकडे गेला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. चुंबक आत तसाच धरून ठेवा, असं सर म्हणाले. काटा हळूहळू शून्यावर आला. "बघा," ते म्हणाले, "चुंबक नुसता जवळ असून भागत नाही. बदल व्हावा लागतो."

तेव्हा त्यांनी २९ ऑगस्ट १८३१ ची गोष्ट सांगितली. फॅरडेनं सुमारे सहा इंच व्यासाचं लोखंडी कडं घेतलं आणि त्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगळी कुंतलं गुंडाळली. तारेवर आवरण कसलं, तर सुती कापड आणि दोरा! एका कुंतलाला बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूचा काटा हलायचा आणि लगेच परत यायचा. बॅटरी काढली की पुन्हा हलायचा, उलट दिशेला. मधल्या वेळात काही नाही. चुंबकत्वापासून वीज मिळवायची, असं त्यानं १८२२ मध्येच वहीत लिहून ठेवलं होतं. म्हणजे नऊ वर्षं. मी भीत भीत विचारलं, "सर, तो एवढा देव मानणारा होता, मग प्रयोग कशाला करत बसायचा?" सर म्हणाले, "मानत होता म्हणूनच. हे सगळं एकाच हातानं घडवलंय, तर वीज आणि चुंबक एकमेकांना परके असतील का? धागा असणार, अशी त्याची खात्री होती. सापडेपर्यंत शोधत राहिला."

सर ख्रिस्ती होते, हे आम्हाला माहीत होतं. प्रयोगशाळेचं कुलूप काढल्यावर ते क्षणभर मान खाली घालून उभे राहत, मगच आम्हाला आत घेत. पण धर्माबद्दल वर्गात ते बोलले ते फॅरडेच्या निमित्तानं तेवढंच. फॅरडे सँडेमनियन नावाच्या छोट्याशा ख्रिस्ती पंथाचा. १८४० मध्ये त्याला मंडळीचा वडील, म्हणजे तिची धुरा वाहणारा ज्येष्ठ, नेमलं. सगळं जग ज्याला ओळखत होतं, तो माणूस रविवारी मूठभर लोकांच्या उपासनेत आणि प्रीतिभोजनात बसायचा, आजाऱ्यांच्या घरी जायचा. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. १८६७ मध्ये गेला तेव्हा हायगेटच्या दफनभूमीत साध्या कबरीत विसावला. सर हे सांगत तेव्हा आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच ते आत उतरायचं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्याच्या घरचा भाग. प्रयोगशाळेच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर नवराबायकोचं बिऱ्हाड. त्याला आणि साराला मूल नव्हतं, पण भाच्या घरात वाढल्या. देशोदेशींच्या संस्थांकडून आलेल्या मानसन्मानांची तो नोंद ठेवायचा. १८४७ मध्ये त्या यादीत त्यानं मध्येच आपल्या लग्नाची तारीख लिहिली, १२ जून १८२१, आणि मान व सुख म्हणून ही तारीख बाकी सगळ्यांच्या फार वर आहे, असं नमूद केलं. हे सांगून सर खिडकीकडे वळले. प्राथमिकची घंटा झाली होती आणि बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, धाकट्या मुलीचा हात धरून पटांगणातून येत होत्या. त्या दारात येईपर्यंत सर काही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

मी पुढे विद्युत अभियंता झाले. गेली पंचवीस वर्षं रोहित्रांच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, चाचणी विभागात आहे, आज त्या विभागाची प्रमुख आहे. फॅरडेचं ते कडं म्हणजे जगातलं पहिलं रोहित्र. आमच्या गाभ्यात पोलादाचे पातळ पत्रे असतात, तारेवर कागदाचं वेष्टन, भोवती तेल. पण दोन कुंतलं आणि मधलं लोखंड तेच. नव्या मुलांना वेढ्यांच्या गुणोत्तराची चाचणी शिकवताना मी त्यांना आधी शंभर वेढे हातानं गुंडाळायला लावते. मुलं कंटाळतात. मग काटा हलतो आणि त्यांचे चेहरे बदलतात. तो क्षण सरांचा आहे, मी फक्त पुढे देते.

महोत्सवाच्या बैठकीला आले तेव्हा प्रयोगशाळा बघितली. दगडी ओटे गेले, पडदा आला. प्रवर्तनाचा प्रयोग आता पडद्यावर दाखवतात. त्यात काटा दर वेळी बरोबर हलतो, चुंबक कधीच पडत नाही. शिक्षक मेहनती आहेत, त्यांना दोष नाही. पण मला तिथे फार वेळ उभं राहवेना. सर जाऊन आता बारा वर्षं झाली.

त्या दिवशी मोडतोड रजिस्टरमध्ये माझं नाव चढलं नाही. आम्ही रांगेनं बाहेर पडत होतो तेव्हा मी टेबलाजवळ रेंगाळले आणि सरांना लिहिताना पाहिलं. 'पट्टीचुंबक, एक, हाताळताना पडला.' पुढच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. त्यांच्या पगारातून भरपाई गेली असणार. मी कधी विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत.

या मनोगताबरोबर मी शाळेला पट्टीचुंबकांच्या सहा जोड्या पाठवत आहे, लाकडी पेटीत, टोकांना मऊ लोखंड लावून. मुलांच्या हातात द्याव्यात. पडल्या तर पडू द्याव्यात. आणि जुनं रजिस्टर कपाटात कुठे सापडलं, तर ती नोंद माझ्या नावावर करून घ्यावी. तारीख आठवत नाही. शनिवार होता, शेवटचा तास.