गहू बंद केला, तरी रिपोर्ट उतरेना: सीलिअ‍ॅक आणि हिंगाची डबी

लेकीला सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं कळलं त्याच दिवशी पोळी, ब्रेड, बिस्किटं, शेवया बंद केल्या. भाकरी आमच्याकडे रोजचीच, त्यामुळे ते जड गेलं नाही. पण सहा महिन्यांनी रक्ततपासणीतला टीटीजीचा आकडा (या आजारात तो वाढतो) जेमतेम हलला होता. "कुठून तरी गहू जातोय, शोधा," डॉक्टर म्हणाले.

मग मी घरातली एकेक पुडी वाचायला बसले. कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट, म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू. मेतकुटात तर आपणच गहू भाजून घालतो, आणि पोट बिघडलं की तिला मी मेतकूट-भातच देत होते! हिंगाची डबी सगळ्यात शेवटी हातात घेतली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: डिंक, मैदा, हिंग. आपण वापरतो तो बांधानी हिंग, पीठ आणि डिंक मिसळून सौम्य केलेला. वरण, भाजी, ताक, लोणचं, पापड, सगळ्यात तो होता.

दुसऱ्या कंपनीची डबी आणली, तिच्यावर नुसतं 'खाद्य पीठ'. कशाचं? डबीवरच्या नंबरवर चार वेळा फोन केला. दर वेळी नवा माणूस, आणि उत्तर एकच, "मॅडम, शंभर टक्के शाकाहारी आहे." मी गव्हाचं विचारतेय, असं सांगून घसा कोरडा पडला. "कळवतो" म्हणाले, आजतागायत कळवलेलं नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या लेबल नियमांत गहू, जव, राय (गव्हासारखं एक धान्य), ओट्स असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे. मग एवढा एक शब्द लिहायला काय हरकत होती? त्या एका शब्दावर माझ्या पोरीचं पोट अवलंबून आहे. शेवटी तांदळाचं पीठ असं स्पष्ट छापलेला हिंग मिळाला. सुटा हिंग आणि सुटे मसाले मी आता घेतच नाही.

'ग्लूटेन फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणून तो शब्द असेल तर मला धीर येतो. नुसतं 'ज्वारीचं पीठ' लिहिलेलं पुरत नाही. गिरणीतही "ज्वारीवर ज्वारी टाका" सांगून भागत नाही, आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहतंच. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही.

पुढच्या रिपोर्टला आकडा निम्म्यावर आला. मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले.

एक राहिलंच: घरात कुणाची तपासणी करायची असेल, तर ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्तात आजार दिसेलच असं नाही.