साधं ग्लुकोजचं पाणी

जुलैतली रात्र, साडेअकरा. नेरुळच्या एका सोसायटीतून वॉचमनकाकांचा फोन. "मॅडम, बदक पडलंय. पाय मोडलेत." पावसाळ्यात आमच्याकडे येणारी निम्मी बदकं बदकं नसतात. मी म्हटलं, "खोक्यात ठेवा, वर झाकण घाला, सकाळी येते." एवढंच म्हटलं.

सकाळी खोकं उघडलं तर आत वेज-टेल्ड शिअरवॉटर, खुल्या समुद्रावरचा पक्षी. चोचीवर नाकपुड्यांची नळी, अंगाला तो कुबट, तेलकट वास. पाय शाबूत होते. या पक्ष्याचे पाय पार मागे असतात, जमिनीवर तो पोटावरच बसतो, म्हणून लोकांना मोडल्यासारखे वाटतात. वर गच्चीवर रात्रभर जळणारे चार हॅलोजन. उजेडाने हे पक्षी भरकटतात आणि खाली पडतात. कशासाठी, ते कमिटीलाच ठाऊक. तिकडे हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर याच कुळातल्या पेट्रेल पक्ष्यांची पिल्लं बिळांतून निघतात त्या दिवसांत गावं रस्त्यावरचे दिवे मालवतात. इथे विचारलं की उत्तर एकच, सिक्युरिटी.

वजन २६० ग्रॅम. चारशेच्या आसपास हवं. उराचं हाड सुरीसारखं हाताला लागत होतं. पण पिसं! सगळी एकसारखी, नवीकोरी, झीज नाही. म्हणजे यंदाचंच पिल्लू, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी बेटावर एप्रिलच्या सुमारास बिळाबाहेर पडलेलं. पायात ओळखीची कडी नव्हती, त्यामुळे बेट सांगता येत नाही. मला मात्र सारखं मॉरिशसजवळचं राउंड आयलंड आठवत राहिलं. ज्वालामुखीचा डोंगर, समुद्रातून २८० मीटर वर आलेला. शेळ्या-सशांनी त्याच्यावरची झाडी खाल्ली, माती पावसाबरोबर समुद्रात गेली. आणि बिळाला माती लागते. १९७९ मध्ये शेळ्या संपवल्या, १९८६ मध्ये ससे. मग मूळचे ताड पुन्हा रुजायला लागले. उंदीर तिथे कधी पोचलेच नाहीत. पुढेही पोचू नयेत म्हणून जाणाऱ्याचं सामान उचकून तपासतात.

स्टेथोस्कोप पाठीवर लावला. पक्ष्याची फुप्फुसं पाठीकडच्या बरगड्यांत रुतलेली असतात. आत घुरघुर.

"काका, काही पाजलंत का?"

"साधं ग्लुकोजचं पाणी, मॅडम. चमच्याने. जीव तळमळत होता त्याचा."

पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, त्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. चोच उघडून चमचा ओतला की पाणी सरळ आत.

ऊब दिली, ऑक्सिजन, अँटिबायोटिक. ट्यूबने भरवायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या रात्री गेलं.

सहकारी म्हणतो, इतकं वाळलेलं तसंही जगलं नसतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य असेलही. पण फोनशेजारच्या भिंतीवर आम्ही सूचनांचा कागद चिकटवलाय. 'काहीही पाजू नका' ही त्यातली पहिली ओळ. अक्षर माझं.

चौथ्या दिवशी काकांचा फोन. "मॅडम, उडालं का आपलं बदक?"

"नाही हो, काका. गेलं."

"थंडीने गेलं असेल."

मी म्हटलं, "असेल."