जुनी पानं काढायची की ठेवायची

प्रोजेक्ट संपतो, माणसं पांगतात, वेबसाइटवरची पानं मात्र तिथेच असतात. मग कधीतरी कोणाला तरी साफसफाईची हुक्की येते आणि यादी निघते, हे कोणी उघडतच नाही, ह्याच्यात फोटोच्या जागी नुसती तुटकी चौकट, आणि एकावर तर ठळक अक्षरात "लवकरच येत आहे", जे कधी आलंच नाही. बोट आपसूक डिलीटकडे जातं. जागेसाठी नाही हो, मजकुराच्या पानाला जागा लागते किती, मोबाइलवरच्या एका फोटोइतकीही नाही. लाज वाटते म्हणून काढतो आपण.

पण जुनं वेगळं आणि चुकीचं वेगळं. मीटिंगची नोंद जुनी होते, चुकीची होत नाही. "अमुक डेटाबेस का घेतला नाही" असं चार ओळींचं टिपण तर जपूनच ठेवावं, कारण पुढे कोणीतरी नवा येऊन उत्साहाने तोच डेटाबेस सुचवणार म्हणजे सुचवणारच, आणि ते पान उडवलेलं असेल तर सगळा वाद पुन्हा पहिल्यापासून. खरं उपद्रवी पान म्हणजे इन्स्टॉल कसं करायचं ते सांगणारं. सर्चमध्ये नेमकं तेच वर येतं, माणूस बिचारा एकेक कमांड टाकत बसतो आणि पार शेवटी कळतं की ते व्हर्जन केव्हाच बंद झालंय. तिथे तळाशी बारीक अक्षरात "आर्काइव्ह", म्हणजे जुनं म्हणून जपून ठेवलेलं, असं लिहून काय होणार? सूचना अगदी वर हवी, तारखेसकट, आणि नवीन पान असेल तर सरळ तिकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्या पानावर.

काढायचंच तर सर्व्हरने ब्राउझरला द्यायचा ४१० नावाचा कोड आहे, म्हणजे पान होतं, आता काढलंय, शोधू नका. नुसतं "पान सापडलं नाही" सांगणाऱ्या ४०४ मधून पत्ता चुकला की पान गेलं काहीच कळत नाही. पण ४१० ची आठवण कोणाला असते म्हणा.

पानांचे पत्ते बदलू नका हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच सांगून बसलेत. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलेला आकडा असा की २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. यावर लोक म्हणतात, जुन्या पानांच्या प्रती जपणारं वेबॅक मशीन आहे की! आहे, पण लॉगिनच्या मागची पानं त्याला दिसत नाहीत आणि प्रोजेक्टची कामाची पानं बहुतेक तिथेच असतात.

पासवर्ड किंवा सोडून गेलेल्यांचे फोन नंबर असतील तर मात्र विचार करायचा नाही, काढायचेच, आणि पासवर्ड बदलायचाही, कारण विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या साइटवर, नुसतं खोडलेलं जुन्या आवृत्त्यांच्या हिस्टरीत तसंच राहतं.

बाकी "सगळं आर्काइव्ह करून टाकू" हे मला जरा संशयास्पदच वाटतं. मीटिंगमध्ये सगळे खूश होतात, कारण मग एकही पान उघडून वाचावं लागत नाही. वाचायला तर हवंच, निदान वरवर. फक्त हेडिंग आणि खाली "इथे माहिती भरायची आहे" एवढंच असलेली पानं तेवढी खुशाल उडवा, त्यासाठी मीटिंगसुद्धा नको.