हायसे का वाटले?

दुकानाच्या दारावर लावलेला, चोरीचा संशय असलेल्या माणसाचा तो फोटो पाहिल्यावर मला वाईट वाटायला हवे होते, पण आधी हायसे वाटले, आणि ते दिवसभर खुपत राहिले आहे. कॅमेऱ्यातला धूसर चेहरा, खाली एकच प्रश्न: यांना ओळखता का? एवढ्याशा गावात न ओळखणारा कोण? इथे फोटो म्हणजे नावच. तक्रार, चौकशी, निकाल यांच्या आधीच शिक्षा सुरू झालेली.

हायसे वाटले, कारण चोर मिळाल्यामुळे आम्हा बाकीच्यांवरची नजर आता हटेल असे वाटले असावे. पिशवी काउंटरवर ठेवायची, कोपऱ्यातल्या गोल आरशात आपणच आपल्याला दिसायचे, आणि मी ज्या रांगेत शिरेन तिथेच नेमका माल नीट लावायचा असे दुकानात कामाला असलेल्या मुलाला आठवायचे. आयुष्यात कुणाची काडीही न उचललेला मी हात सर्वांना दिसतील असे धरून चालू लागलो होतो. या वयात हे माझ्या वाट्याला यावे!

मालकाचेही खोटे नाही. नफा इतका थोडा की गेलेल्या एका वस्तूची भरपाई करायला तशाच कितीतरी विकाव्या लागतात. शिवाय अडवायला जावे तर अंगावर कोण धावून येईल, याची भीती त्या मुलालाच जास्त. क्लॅरेन्स साँडर्स या दुकानदाराने १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलून घ्यायचे दुकान काढले. ती पद्धत जगभर गेली, आणि तिच्यामागोमाग हे आरसे आणि कॅमेरेही आले.

इंग्लंडमध्ये १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा किंवा त्याहून जास्त किमतीचा माल गुपचूप नेणाऱ्याला फाशी होती. तिथल्या खटल्यांतले पंच, म्हणजे ज्युरी, पुष्कळदा मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवत आणि जीव वाचवत. दारावरच्या फोटोखाली मात्र वस्तूची किंमतच लिहिलेली नाही, त्यामुळे ती कमी करण्याची सोयही आम्हाला उरलेली नाही. फोटोतल्या माणसाच्या घरी सध्या काय चालले आहे, ते मला ठाऊक आहे. असो.

आणि नजर तरी कुठे हटली? आज मुलगा नेहमीसारखाच मागून आला. मीही सवयीने हात वर धरले, आणि आम्हा दोघांनाही हसू आले. फोटो काढून टाका, असे मालकाला सांगायचे मनात आहे. तो लगेच विचारील, तुम्हाला का एवढा कळवळा? त्यावर काय बोलायचे, ते अजून जुळलेले नाही.