१०२ टक्के कार्यक्षमता

सिम्युलेशनमध्ये कार्यक्षमता १०२ टक्के आली, हे सांगताना आमच्या नव्या सहकाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सर्किट साधंच: १२ व्होल्टवरून ५ व्होल्टला २ अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर, म्हणजे स्विच भराभर चालूबंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट. लोडमध्ये सरासरी ११.२ वॅट खर्च होत होते आणि सोर्समधून जेमतेम ११ निघत होते.

"मॅडम, चिन्हाचा घोळ नाहीये, ते तपासलंय," त्याने आधीच सांगून टाकलं. एलटीस्पाइसमध्ये, म्हणजे आमच्या सर्किट सिम्युलेटरमध्ये, सोर्सची पॉवर ऋण दिसते, कारण करंट धन टोकातून आत शिरतो असं धरलेलं असतं. नवखे लोक तिथे हमखास अडकतात, हा अडकला नव्हता. व्होल्टेजची सरासरी गुणिले करंटची सरासरी असला प्रकारही केला नव्हता. क्षणोक्षणीच्या गुणाकाराची सरासरी घेतली होती. मग जास्तीचे वॅट आले कुठून?

अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा मी जमाखर्च मांडते. टेलेगेनने १९५२ साली मांडलेल्या प्रमेयानुसार कुठल्याही क्षणी सर्किटमधल्या सगळ्या घटकांच्या पॉवरची बेरीज शून्यच यायला हवी. आल्ट दाबून एकेका घटकावर क्लिक करत गेलो, तर आउटपुटचा कपॅसिटर सरासरी दीड वॅट देत होता! त्याने सरासरीसाठी निवडलेला एक मिलिसेकंदाचा तुकडा सुरुवातीच्या उसळीनंतरचा होता. त्यात आउटपुट ५.६ व्होल्टवरून ५ वर उतरत होतं. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्या उतारात सुमारे दीड मिलिज्यूल सोडतो. हिशेब जुळला. सर्किट स्थिरावल्यानंतरची पूर्ण स्विचिंग आवर्तनं घेतली, तेव्हा आकडा ८८ वर आला.

तो खूश झाला, मला मात्र मॉसफेटचा, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा, आकडा पटेना. सरासरीची चौकट दोनचार आवर्तनं पुढे सरकवली की मॉसफेटमधला व्यय बदलायचा. स्थिरावलेल्या सर्किटमध्ये असं होता कामा नये. सिम्युलेटरच्या ऑप्शन्सची ओळ उघडून बघितली. रेलटॉल (गणितात चालवून घ्यायची सापेक्ष चूक) ०.००१ च्या जागी ०.०५, आणि जीमिन (डायोडसारख्या जंक्शनला सिम्युलेटर स्वतःहून समांतर जोडतो ती अगदी बारीक वाट) मूळच्या दहा लाख पट.

"ते टाइमस्टेप टू स्मॉल येत होतं ना, म्हणून..."

कन्व्हर्जन्सची एरर आली, म्हणजे सिम्युलेटरला उत्तर जुळवता येईना, की हे दोन आकडे सैल करायचे, हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि मला तो मनापासून नावडतो. गणित पुढे सरकतं खरं, पण ज्या वीसतीस नॅनोसेकंदांच्या कडांवर स्विचिंगचा व्यय होतो, त्याच कडा ओबडधोबड होतात. पॉवर मोजायची नसेल तर एकवेळ चालेल.

ऑप्शन्स मूळपदावर आणले. एरर परत आली, आणि सोबत अडलेल्या नोडचं, म्हणजे सर्किटमधल्या जोडबिंदूचं, नावही. तो नोड डायोड आणि १० नॅनोहेन्रीचा छोटा इंडक्टर यांच्या मधला होता. बोर्डावरच्या ट्रॅकचं इंडक्टन्स धरायचं म्हणून त्याने तो घातला होता, कल्पना चांगलीच होती. पण डायोड लायब्ररीतला बिननंबरी, कोरा. कोऱ्या मॉडेलमध्ये जंक्शन कपॅसिटन्स शून्य आणि सिरीज रेझिस्टन्सही शून्य. डायोड बंद होताच इंडक्टरमधल्या करंटला जायला वाटच उरत नाही. वाट फक्त जीमिनची, म्हणजे दहाचा बारावा घात एवढे ओहम. एल भागिले आर केलं तर टाइम कॉन्स्टंट दहाचा उणे विसावा घात सेकंद! सिम्युलेटर स्टेप लहान करत करत शेवटी हात टेकतो, यात त्याचा काय दोष?

खऱ्या शॉट्कीचं, म्हणजे कमी व्होल्टेज पडणाऱ्या डायोडचं, मॉडेल घातलं. त्यात जंक्शन कपॅसिटन्सचे काहीशे पिकोफॅरड होते, त्यामुळे करंट एकदम न तुटता ११० मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरत विझू लागला. ऑसिलोस्कोपवर दिसते तशीच ही रिंगिंग. एरर गेली. मग कमाल स्टेप एक नॅनोसेकंदावर बांधली, वेव्हफॉर्मचं कॉम्प्रेशन बंद केलं (साठवलेले बिंदू गाळले गेले की सरासरीही बिघडते) आणि फाइल फुगू नये म्हणून फक्त शेवटची काही आवर्तनं साठवली. आता चौकट कुठेही सरकवली तरी मॉसफेटचा आकडा जागचा हलेना.

कार्यक्षमता ९२ टक्के आली. कोऱ्या डायोडवर २ अँपिअरला साडेआठशे मिलिव्होल्टच्या आसपास पडत होते, शॉट्कीवर त्याच्या जवळपास निम्मे, त्यामुळे चार टक्के वाढणं साहजिकच होतं. इंडक्टरच्या कोअरमधला व्यय मात्र आमच्या मॉडेलमध्ये नव्हताच. तो डेटाशीटवरून वेगळा काढून रिपोर्टमध्ये जोडायला मी त्याला सांगितलं.